तणसाची दोरी

३ एप्रिल १९८६, गुरुवार

कुंपण तोडलंय! नेमकं तिथेच, जिथली फट मी सोमवारी गावातल्या वारलूकडून बुजवून घेतली होती.

काठी घेऊन मागच्या बांधावर गेले. तिथे मोहाची तीन झाडं आहेत. मोठ्या झाडाखालची जमीन काळी — पालापाचोळा जाळून, झाडून लख्ख केलेली. आणि बुंध्याला छातीइतक्या उंचीवर भाताच्या तणसाची वळलेली दोरी. दोन वेढे, गाठ जंगलाच्या बाजूला. परवा नव्हती.

सोमवारी वारलू म्हणाला होता, "इथी वाट ठेवू द्या ना बाई. जाण्यायेण्याले लागते." कुणाच्या, विचारलं तर हसला. "आमच्याच. दिवस आले ना आता." कसले दिवस, ते मी विचारलं नाही. काटेरी फांद्या गच्च भरायला लावल्या. कामाला चोख माणूस, पण प्रत्येक गोष्ट अर्धी बोलतो. शिवाय जाताना थट्टा — "साहेबाची बंदूक टांगली हाय भितीले. बाईले झाडता येते का?" येते, म्हटलं. येत नाही. ह्यांनी दोनदा शिकवलं, दोन्ही वेळा माझा खांदा सुजला.

ठमाबाई भांडी घासता घासता काहीतरी म्हणू लागली — "बाई, ते दोरी ना..." मी म्हटलं, मी विचारीन तेव्हा बोल. तीस वर्षं शाळा या एका वाक्यावर चालवली.

सात एकर. सातबाऱ्यावर माझं नाव. आजोबांना गावातून चपला घालून जाता येत नव्हतं, वडील खाणीत कोळसा उपसता उपसता गेले. आमच्या घराण्यातली ही पहिली जमीन. हे असते तर हसून सोडून दिलं असतं. मी सोडणार नाही.

५ एप्रिल, शनिवार

पळसटोल्याच्या ठाण्यात परवान्याच्या बंदुकीवाल्यांना बोलावलं होतं. आम्ही चौघं. बाई मी एकटी.

ठाणेदार घाटावरचे, तरुण, घामाने निथळत होते. म्हणाले, दादा लोक, म्हणजे नक्षलवादी, दक्षिणेकडून वर सरकतायत, आधी घर हेरतात, मग बंदूक नेतात. "मॅडम, जमा करून टाका. एकट्या राहता." मी नाही म्हटलं. डुकरं धानाचं काय करतात ते मला ठाऊक आहे. माझं घर गावापासून अर्धा मैल, जंगलाला लागून. नवरा नोव्हेंबरात गेला. बंदूकही देऊ?

"मग खूणबीण दिसली तर कळवा तरी."

खूण! दोरी आठवली.

तक्रार मीच लिहिली. त्यांच्या हवालदाराचं शुद्धलेखन बघवत नव्हतं. ठाणेदारांनी विचारलं, हत्यारं असतील का? मी लिहिलं — "सशस्त्र इसम असावेत." वाचून म्हणाले, वा! असं लिहिणारी माणसं हवीत.

६ एप्रिल

पहाटे मोहाकडे कंदील हलला. दोन माणसं, वाकून चालणारी. काळू भुंकला नाही! शेपटी हलवत तिकडे गेला आणि पोट भरल्यासारखा परत आला. कुत्र्याला काही खायला घालून गप्प केलं असणार.

खिडकीशी बंदूक घेऊन बसते. काडतूस भरलेलं — ह्यांनी डुकरांसाठी आणलेलं, मोठ्या छर्‍यांचं.

८ एप्रिल

आज पुन्हा. ठाण्यात निरोप धाडला.

१० एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी ठाणेदार आणि दोन शिपाई आले. पहाटेपर्यंत दबा धरून बसणार. एक शिपाई खुशाल, चिमूरचा. गाल आत गेलेला, जीभ मात्र सैल.

"बाई, चहात साखर अजून थोडी टाका ना. आज ड्युटी तुमच्याच घरी हाय."

मी म्हटलं, दात किडतात. तो म्हणाला, "पोलिसाचे दात कोण पाह्यते बाई? साहेब तं तोंडच उघडू देत नाई!" ठाणेदारसुद्धा हसले. कितीतरी दिवसांनी या घरात पुरुषांचं हसणं ऐकलं.

झोपण्यापूर्वी खुशालने खिडकीशी बंदूक पाहिली. "ते आत ठेवा बाई. आमच्यापाशी हायेत ना."

ठेवली नाही.

११ एप्रिल, शुक्रवार. सकाळचे नऊ.

लिहिते आहे, कारण दुसरं काय करू!

गोळी मी झाडली.

फटफटत होतं. मोहाखाली दोन सावल्या बसलेल्या. मग गोठ्याच्या कडेने एक माणूस वाकून, धावत — मला वाटलं घराकडेच. मी चाप ओढला. तो खुशाल होता. त्यांची वाट अडवायला धावत होता.

खांद्यात कळ. कानात नुसती शिटी. आणि ती हाक — "मी आहो ना बाई! वारलू आहो!" ती गोळीच्या आधी आली की नंतर? आधी आली की नंतर? आठवत नाही. आठवायलाच हवं.

वारलू पळाला नाही. त्याची बायको चंदा पळाली. ठाणेदार आणि दुसरा शिपाई वारलूला पालथं पाडून त्याच्यावर बसले. बाजूला टोपली उलटलेली, मोहफुलं सगळीकडे सांडलेली. काळू त्याचा कान चाटत होता. शिपायाने कुत्र्याला लाथ घातली.

हत्यार नव्हतं. टोपली, कंदील, पेजेचं गाडगं. बस.

खुशालच्या पोटात छर्रे. तो ओरडला नाही. "बाई, पाणी" एवढंच. मी तांब्या घेऊन धावले तर ठाणेदार म्हणाले, पोटातल्या जखमेला पाणी देऊ नका. जीप नागपूरला गेली.

ठाणेदारांनी माझ्या हातातून बंदूक काढून घेतली. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही काही झाडलं नाही. आत जाऊन बसा."

मी आत जाऊन बसले.

१२ एप्रिल, शनिवार

ठाणेदार लिहून आणलेला जबाब घेऊन आले. वारलू घरात घुसला, माझ्या हातातली बंदूक हिसकली, पोलिसावर झाडली. साक्षीदार मी.

हे खोटं आहे, म्हटलं.

"खरं सांगू का मॅडम? माझा शिपाई पडलाय. वरती काय सांगू, मास्तरणीनं पाडला? कलम तीनशे सात, खुनाचा प्रयत्न, तुमच्यावर लागेल. नोकरी माझी जाईल, मी पहाऱ्यावर असताना घरमालकीण खिडकीत बंदूक धरून कशी? आणि तो आतमध्ये होताच ना? कुंपण तोडलं होतंच ना? तक्रार तुमचीच ना?"

होता. तोडलं होतं. माझीच.

सही केली. इथे लिहून ठेवते — सही केली आणि हायसं वाटलं.

१३ एप्रिल

रात्री झोप चांगली लागली.

१४ एप्रिल, सोमवार. जयंती.

गावच्या बुद्धविहारात मलाच बोलावलं होतं, शिकलेली म्हणून. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. पंचशील मी सांगायचं, मागून सगळ्यांनी म्हणायचं. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं — "मुसावादा" — इथे अडले. शब्दच फुटेना. असत्य बोलण्यापासून अलिप्त राहण्याचं शील! दीडशे माणसं वाट बघतायत. विहाराचं काम बघणाऱ्या सुगंधाबाईंनी पाणी आणून दिलं. शेवटी त्यांनीच पुढे म्हणून घेतलं.

बाहेर बाया एकमेकींत म्हणत होत्या, बाई अजून घाबरून हायेत. घरात गोंड घुसला म्हणते ना.

मी ऐकलं. चौथं शील मागे टाकून घरी आले.

१६ एप्रिल, बुधवार

चंदा आली. अंगणात उभी राहिली, वर आली नाही. मी पाट सरकवला, बसली नाही.

"बंदूक कोणं झाडली, मले मालूम हाय. तुमच्या खिडकीतून धूर निंगाला. मी पाह्यलं नाई असं समजता का?"

मग झाडांकडे हात करून — "फुलं खाली पडून सडून राह्यले. ढोरं खाऊन राह्यले. माह्या सासऱ्याच्या हातचं झाड हाय ते. तुमचे साहेब असते तं..." पुढचं बोलली नाही. थुंकली आणि गेली.

मी ठमाबाईला विचारलं. पहिल्यांदाच विचारलं. ती दोरी कसली?

ती इतक्या सरळ बोलली की मी उभी होते ती खाली बसले. मोह गळायला लागायच्या आधी प्रत्येक घर आपापल्या झाडाखालचा पाला जाळतं, जागा झाडतं आणि तणसाची दोरी बांधतं. म्हणजे हे झाड आमच्या घरचं, दुसऱ्याने वेचू नये. जमीन विकली तरी झाड विकलं जात नाही. पहाटे यायचं, गुरं यायच्या आत वेचायचं. दोन महिन्यांची चूल त्यावर. ह्यांना हे ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी ह्यांनी वारलूला सांगितलं होतं — "झाडं तुह्यी, जमीन माही. वाट ठेवजो." दर साली ठेवलेली वाट! मी चंद्रपुरात शाळेत. मोहाच्या दिवसांत इथे मी कधी नव्हतेच. आणि काळू त्यांच्या गाडग्यातली पेज खाऊनच वाढलेला.

मी ओरडले. तू आधी का नाही सांगितलंस?

"तुमीच म्हणल्या ना, इचारीन तवाच बोल. तुमी इचारलंच नाई."

१८ एप्रिल, शुक्रवार

ठाण्यात गेले. जबाब मागे घ्यायचाय, म्हटलं.

ठाणेदारांनी खुर्ची दिली नाही. माझी पाच तारखेची तक्रार पुढे टाकली. "हे अक्षर कुणाचं? सशस्त्र इसम — कुणी लिहिलं?" मी लिहिलं. "तुमच्या वयाला तुरुंग झेपणार नाही मॅडम. घरी जा."

वारलू कोठडीत. गजांपाशी जाऊ दिलं, दोन मिनिटं. डाव्या हाताची बोटं सुजून वांग्यासारखी. कागदावर अंगठा घेतलाय म्हणे — कुठल्या हाताचा कोण जाणे.

मला वाटलं शिव्या देईल. देऊ देत, म्हणून तर गेले होते.

"बाई, काळू जेवते ना? त्याले कोरडं नका टाकजा. पेज लागते त्याले."

मग तो म्हणाला, "वाट बुजवली तवाच तुमाले सांगाले पायजे होतं. मले वाटलं साहेबानं सांगतलं असन."

त्याची चूक! ती तो मला सांगत होता!

२१ एप्रिल, सोमवार

कुरखेड्याला बापूराव वकिलांकडे. सगळं सांगितलं, काही राखलं नाही. ते पान लावत राहिले.

"इंदुताई, तुमचे दोन कागद. दोन्हीवर सही तुमची. एकात सशस्त्र, दुसऱ्यात बंदूक हिसकली. आता तिसरं बोलाल तर सरकारी वकील म्हणेल, बाईचं नवऱ्यामागे डोकं फिरलं. नाहीतर दादा लोकांनी धमकावलं. चंदाचं कोण ऐकतं? ती तर बायकोच. त्या दिवशीचं, त्याच दिवशी लिहिलेलं काही आहे का? पत्र, चिठ्ठी?"

नाही, म्हटलं.

२२ एप्रिल

जेवण गेलं नाही. मोहाखाली गेले. वेचायचं ठरवलं होतं, चंदाच्या घरी नेऊन द्यायचं. दोन तासांत अर्धी टोपली. कंबर मोडली. उरलेली सगळी फुलं काळी, आंबलेली, मुंग्या लागलेली. टोपली चंदाच्या दारात ठेवली. तिने माझ्यासमोर गाईपुढे ओतली.

बरोबर केलं.

२४ एप्रिल, गुरुवार

खुशाल आज सकाळी नागपूरच्या दवाखान्यात वारला. शेवटपर्यंत शुद्धीत होता म्हणतात. आता कलम तीनशे दोन, खून. वारलूला फाशीसुद्धा होऊ शकते.

बापूरावांना मी खोटं सांगितलं. त्या दिवशीचं लिहिलेलं आहे. ही वही.

तेरा तारखेचं पान फाडायला हातात घेतलं होतं. फाडलं नाही. तेच तर पटेल कुणालाही — असली ओळ कुणी मागून बनवून लिहीत नाही.

उद्या सातची एसटी, गडचिरोली. पोलीस कोठडीची मुदत संपते, म्हणून वारलूला तिथे पुन्हा मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणार आहेत. ही वही पिशवीत घालून नेणार आहे. आज संध्याकाळी ठमाबाईला विचारलं, तुला काही सांगायचंय का? ती म्हणाली, "काळूले मी पेज घालीन. तुमी जा."

न्यायाधीश महाराज, ११ एप्रिलचं पान आधी वाचावं. प्रत्येक पानाखाली आज सही केली आहे. एकही ओळ खोडलेली नाही.

— इंदुमती गुणवंतराव रामटेके