करवतीच्या पात्यांचं झाड

३ मार्च
धाकटी आज लाकडाच्या मिलमध्ये आली आणि थेट भंगाराच्या ढिगात शिरली. झिजलेली करवतीची पाती, गंजक्या साखळ्या, मोडक्या कुऱ्हाडी — "बाबा, हे सगळं मला हवंय." लेकीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं, तेही भंगार! म्हटलं, ने.
मग कारण सांगितलं. गावामागच्या टेकडीवरचं जंगल तोडायचा ठेका निघालाय. त्याविरुद्ध ती चौकात झाड उभं करणार, झाडं कापून झिजलेल्या हत्यारांचंच. ठेका कोण मागतंय ते शोधून काढीनच, म्हणाली.
मीच मागतोय. भागीदाराबरोबर काढलेल्या नव्या फर्मच्या नावाने. घरात कोणाला पत्ता नाही.

५ मार्च
आजही सांगितलं नाही.

८ मार्च
मागच्या शेडमधून 'टक्' असा आवाज आला. बसल्या जागी ओळखलं — पातं तडकलं. करवतीचं पोलाद कडक, गार असताना वेल्डिंग केलं की जोडाशेजारी तडा जायचाच. गेलो. तिचं तिसरं पातं वाया गेलं होतं, तोंड एवढंसं झालेलं. "आधी तापवायचं. जोडलं की गरम राखेत पुरायचं, सावकाश निवू द्यायचं," म्हणता म्हणता काम मीच हातात घेतलं. मी ओंडके उचलणारा हमाल होतो तेव्हा एका मिस्त्रीने शिकवलं होतं हे. फांदी अशी सुरेख वळली! ठेक्याचा पार विसर पडला मला. ही चहा घेऊन आली, म्हणाली, बापलेकीचं बरं जमलंय, आम्हाला कोण विचारतो.

१२ मार्च
भागीदार आला. झाडाभोवती एक चक्कर मारली. "दादा, आपल्या पायावर पाडायचं झाड आपणच उभं करताय की!" हसला. मीही हसलो. पण माझे कान अजून शाबूत आहेत, त्याच्या आवाजात हसू नव्हतं. मिलवर वीस घरं चालतात आणि लाकूड तीन महिन्यांचं उरलंय, हे त्याने मुद्दाम दोनदा सांगितलं. जसं काही मला माहीतच नाही.

१५ मार्च
झाड चौकात उभं राहिलं. मी गर्दीत मागे. एक बाई पोराला दटावत होती, पानांना दात आहेत, हात लावू नकोस. आणि धाकटीने सगळ्यांसमोर सांगितलं, हे जोडायला बाबांनी शिकवलं. टाळ्या! लोक वळून वळून माझ्याकडे बघतायत — कुठे तोंड लपवू असं झालं.
जेवताना सांगणारच होतो. तिने भाजलेली बोटं दाखवली, केवढ्या अभिमानाने. घासाबरोबर शब्दही गिळला.

१७ मार्च
ठरलं. अर्ज मागे घ्यायचा. भागीदाराला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "आणि मिलवरच्या माणसांना काय सांगायचं, दादा? ते तुम्हीच सांगा." फोन त्यानेच ठेवला.

१८ मार्च
वनखात्याची कचेरी उघडताच खिडकीशी गेलो. फर्मचं नाव सांगितलं. पुढे काही बोलायच्या आत कारकून मोठ्याने म्हणाला, "अभिनंदन साहेब! कालच निकाल लागला. टेकडीचा ठेका तुम्हालाच."
मागे वळलो. रांगेत धाकटी. हातात हरकतीचा अर्ज.
खिडकीकडे गेलीच नाही. अर्ज माझ्या हातात दिला आणि चालू लागली.