घरची जिलबी वेगळी

अहेरी, ३ फेब्रुवारी १९५८
आज बाजार. दुपारीच जिलबी खलास. चांद्याहून आणलेला नवा पिवळा रंग कामी आला. पुडीवर लुगडे रंगवणाऱ्या बाईचे चित्र आहे, पण चित्राने काय होते? रंग तो रंग. समोरच्या दुकानाची जिलबी आजारी दिसत होती.

७ फेब्रुवारी
दवाखान्यातला कंपाउंडर लटारू म्हणाला, कापडाच्या रंगाने लिव्हर बिघडते, पोटुशीने तर शिवूच नये. म्हणेपर्यंत त्यानेच फुकट दोन प्लेटी हाणल्या. लक्ष दिले नाही.
घरी बायकोला, कुंताला, पाचवा महिना. आधीची दोन्ही वाचली नाहीत.

८ फेब्रुवारी, सकाळी
कुंतापुरते पीठ बिनरंगाचे काढले. भिऊन नव्हे. हौस म्हणून.

११ फेब्रुवारी
कुंता फुगून बसली आहे. म्हणते, दुनियेला पिवळीधम्मक अन् घरच्या बाईला फिक्की. रंग महाग आहे असे सांगितले. कंजूष ठरलो. ठरू दे.

१७ फेब्रुवारी, बाजार
गिऱ्हाइकांची गर्दी. पोरीला घेऊन आलेल्या मंगरूने सगळ्यांदेखत विचारले, "भाऊ, घरी पांढरी नेता, आमाले पिवळी काऊन?"
बायकोची आवड, असे म्हणून मी हसलो. एकटाच हसलो. मंगरूने पोरीच्या हातातली जिलबी काढून परातीत ठेवली. मग मागचेही एकेक सरकले.
निश्चय: रंग कायमचा बंद. उरलेली पुडी संपली की लगेच.

१८ फेब्रुवारी, दुपारी
कुंताची कंबर दुखते आहे. गरोदरपणी दुखतेच. तरी तिला म्हटले, बरे झाले, तू साधीच जिलबी खातेस.
ती हसली. मग तिनेच खरे सांगून टाकले. "तुमची फिक्की कोंबड्याईले जाते. तुमी दुपारी झोपले का मी परातीतली पिवळीच घेतो. रोज."
तिने माझे तोंड पाहिले अन् विचारले, "रंगानं काही होत तं नाई ना?"
गिऱ्हाइकांना सांगतो तेच सांगितले. काही होत नाही, चांद्याचा उंची माल आहे. तिला पटले. कंबरेखाली उशी घेऊन स्वस्थ पडली.

त्याच दिवशी, दवाखान्याच्या पायरीवर
दार बंद आहे. लटारू जेवायला गेला म्हणतात. पुडी खिशात आणली आहे, त्याला दाखवायला. फार भीती वाटते आहे.