ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन, पावणेदोन तास

चि. गोविंदास शेलूबाजारहून ताईचे अनेक आशीर्वाद. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इथे सगळे जिवंत आहेत. तुझा गुडघा कसा आहे? (त्याची बातमी मला परस्पर कळते. तुमच्या शिरपूरच्या देवळाला जाणारे-येणारे लोक आमच्याच थांब्यावर चहा घेतात.)

आमचं मात्र काही खरं नाही. वैजयंती नॉर्वेच्या उत्तर टोकाला, ट्रोम्सोत. जावई उत्कर्ष बर्फ मोजायला त्याहूनही उत्तरेला लाँगइयरब्येनला गेला (हे नाव तुझे भाऊजी कवळी काढून ठेवल्याशिवाय उच्चारू शकत नाहीत) आणि तिथेच राहिला. चार महिने दोघं भेटलेली नाहीत. ती म्हणते तो येईल, तो म्हणतो ती येईल. अधिक महिन्याचे दहा दिवस उरले, आणि आमच्या जावयाच्या पानात धोंडा नाही. मी तेहतीस अनारसे वैजयंतीला पाठवले, ते घेऊन तरी ती जाईल म्हणून. डबा फ्रीजवर तसाच आहे. हा संसार आता टिकत नाही असं मला वाटतं, गोविंदा.

शेवटी तुझे भाऊजी मधे पडले. त्यांनी उत्कर्षला अंतर विचारलं. साडेनऊशे किलोमीटर, विमानाने पावणेदोन तास. फोन ठेवून म्हणाले, "इथून अकोल्याले जीपनं तेवढाच टाइम लागते. जावई खोटं बोलून राह्यला!" लगेच वैजयंतीला तसं कळवलंही. ती म्हणाली, बाबा, खरं आहे ते. मग हे तिच्यावरच उखडले. "मंग दर शनवारी जात काहून नाहीस?" त्यावर पोरीने फोनच ठेवला. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

मग ह्यांना आपली रीत आठवली: रुसलेल्यांनी अर्ध्यावरच्या गावी भेटायचं, म्हणजे कोणी कोणाकडे गेलं असं होत नाही. मी कॉन्व्हेंटातला नकाशांचा ॲटलास काढला (ग्रीनलंडला तू काढलेल्या मिशा अजून आहेत, सिस्टरनी छडी मला मारली होती). सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे दोन गावांवर दोरा ताणला, दुमडला, मधोमध बोट ठेवलं. बोटाखाली समुद्र. "एखादं खेडं तर असंन," म्हणत ह्यांनी भिंग आणलं.

मी वैजयंतीला हे सांगितलं. ती खूप हसली, मग रडली. आणि म्हणाली, "आई, गोविंदामामा किती लांब राहतो गं?" मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. दूध फ्रीजमध्ये होतं.

घरच्यांना आशीर्वाद. पत्र शिरपूरला येणाऱ्या रामसिंगच्या जीपने पाठवते आहे.

तुझी ताई

ता. क. सहा वर्षांपूर्वी वैजयंतीच्या लग्नात माइकवर मामाचा आहेर पुकारायचा राहिला, त्यात भाऊजींचा दोष नव्हता. यादी माझ्या पर्समध्ये होती. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून मीच रुसून बसले.

ता. क. २. वैजयंतीचा पुन्हा फोन होता. "तू ज्या दिवशी मामाकडे जाशील, त्या दिवशी मी विमानात बसेन." तिने रविवारचं तिकीट काढलंसुद्धा.

ता. क. ३. विमान वेळेवर सुटतं, आपली जीप भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून रविवारी तू अर्ध्यावरच्या मालेगावपर्यंत ये, मीही येते. आपल्या मधे समुद्र नाही.