गाण्यातलं ताईचं सूप

बुधवार, दिवेलागणीनंतर. दवनीवाडा.

आज माझं गाणं नेटवर आलं. वर हिप-हॉपच्या संथ चालीत माझे बोल, खाली ड्रम अँड बेसचे पळते ठोके, आणि मधूनमधून सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज. ते सूप ताईचं. चोरून सडक अर्जुनीला तिच्या घरी गेले होते, तेव्हा मोबाईलवर घेतलेलं. तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं तेव्हापासून बाबा घरात तिचं नावही काढू देत नाहीत.

आईला ऐकवत होते. एवढ्या ठोक्यांत सूप कोणाला कळणार, असंच वाटलं होतं ना मला?

ओसरीवरून बाबा ओरडले, "बंद कर थे! काऊन डोकं उठवून राहिली?" मग स्वतःच आत आले. "थांब. मांगं घे."

पुन्हा तेच सूप.

"हे तुह्या बहिणीचं सूप होय. तिसरी थाप उशिरा देते थे."

आता काय करतील? आई तर भिंतीकडे तोंड करून...

बाबांनी आणखी एकदा लावायला सांगितलं. कान अगदी मोबाईलजवळ आणला. आवाज एकदम उतरला.

"अख्ख्या तांदळाचा आवाज नाही हा. तुकड्याचा होय, सस्त्या कनकीचा. कनकी खाऊन राहिली का माही पोरगी?"