उजव्या बाजूची जागा

डोंबिवली (पूर्व)
२६ जानेवारी

ती. प्रमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ठाणे-डोंबिवलीत अजून पत्रं लिहिणाऱ्या आपण दोघी बहिणीच उरलो असू, असं म्हणतेस. असू दे. फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेल्याचं उत्तर अंदाजाने देतेस. मी ओरडून बोलले की भिंतीपलीकडच्यांना बातमी फुकट. त्यापेक्षा हे बरं.

बातमीही या खेपेला भिंतीपलीकडे न जाण्यासारखीच आहे. आमच्या कॉलेजात गालगुंडाची साथ आलीय. अकरावी-बारावीची चौदा मुलं घरी बसलीत. प्राचार्यांनी बारावीच्या पालकांकडून हमीपत्रं मागवली की पाल्याच्या लसी पूर्ण झाल्या आहेत आणि त्याला लक्षणं नाहीत. मराठीची बाई म्हणून मजकूर मी लिहिला आणि पत्रं गोळाही मीच केली. आणि काल सकाळी आमचे चिरंजीव साकेत उठले ते गालात अख्खा लाडू धरल्यासारखे. आधी मी हसले. मग हात लावला तर अंग तापलेलं.

डॉक्टर म्हणाले गालगुंडच, पाच दिवस घरी ठेवा. मी फाइल काढून दाखवली. पंधराव्या महिन्यात एक डोस, पाचव्या वर्षी दुसरा, दोन्ही त्यांच्याच हातचे. त्यावर म्हणाले, लस घेतलेल्यांनाही होतं, पण बहुधा सौम्य. सौम्यच आहे ना मग! परवा केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे. दाखला दिला तर ते नंतर देता येतं, पण कुठलं तरी केंद्र, कोण तरी परीक्षक, आणि ऐन लेखी परीक्षेच्या तोंडावर. ताई, मी हमीपत्रावर सही केली. मफलर गुंडाळून पाठवणार आहे.

तू रागावणार, हे धरूनच लिहिते. भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी रागाचं पत्र मात्र पाठव.

तुझी,
आसावरी


ठाणे
३० जानेवारी

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागाचं पत्र मागितलंस, ते घे. वागळे इस्टेटच्या औषध कंपनीत मी तीस वर्षं तपासणी विभागात काढली, आणि माझीच बहीण लसीचं कार्ड देवाच्या अंगाऱ्यासारखं वापरते! दोन डोस घेतलेल्या शंभरांतल्या दहाबारांना तरी हा आजार गाठू शकतो. डोस घेऊन बारा-तेरा वर्षं उलटली की लसीचा जोर आणखी उतरतो. साकेत चार दिवसांत खडखडीत होईल, ते तिचं काम. तो दुसऱ्या कुणाला देणार नाही, असं तिने कुठे कबूल केलंय?

दुसरं. सरकारी दवाखान्यात मिळते ती लस गोवर आणि रुबेलाची. गालगुंड तिच्यात नाहीच. तुझ्या हमीपत्रावर किती आईबापांनी ‘लसी पूर्ण’ वाचून खऱ्या मनाने सही केली असेल, त्यांना हे कोण सांगणार?

प्रॅक्टिकलला त्याच्या शेजारी कोण होतं ते विचार आणि त्या घरी जाऊन सांग. सूज यायला अडीच-तीन आठवडेही लागतात, तेवढे दिवस लक्ष ठेवायला सांग. हे दुखणं क्वचित कानावर जातं. बहुधा एकच कान जातो आणि दुसऱ्याने भागतं, म्हणून मुलं बोलतही नाहीत. चटकन डॉक्टरांकडे नेलं तर निदान प्रयत्न तरी होतो.

हे म्हणाले, मी पत्रातसुद्धा ओरडते. माझ्या डाव्या बाजूला बसून म्हणाले, पण चेहऱ्यावरून कळलंच मला. साकेतला पातळ भात दे, आंबट देऊ नकोस. जाऊन आलीस की मगच मला लिही.

प्रमाताई


डोंबिवली
६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आले नाही, तरी लिहिते आहे.

साकेत उत्तम आहे. प्रॅक्टिकलला त्याच्या टेबलावर सोनल होती. जवळच्या कोपर गावातली मुलगी. वडील गुणाजी मानपाड्याला कारखान्यात मशीनवर असतात. केमिस्ट्रीत ही साकेतच्या दोन पावलं पुढे, आणि ते तोच कौतुकाने सांगतो. परवा जेवताना सहज बोलून गेला की टेबलाला पिपेट एकच होती. काचेची ती बारीक नळी, ताई, अजून तोंडानेच ओढतात मुलं. आधी साकेतने ओढलं, नळाखाली धरली आणि तिला दिली.

पण नऊ दिवस झाले, सोनलला काही नाही. रोज विचारते मी साकेतला. आता मंगळवारपासून लेखी परीक्षा. अशा वेळी तिच्या घरी जाऊन काय सांगू? साकेतचं प्रॅक्टिकल रद्द होईल. हमीपत्राचा मजकूर माझा आणि खोटी सहीही माझी, वीस वर्षांची नोकरी कोण ठेवील? काही झालं नसताना एवढं सगळं उधळायचं?

आणि कानाची भीती घालू नकोस. स्वतःच्या कानामुळे तुला सगळीकडे कानच दिसतात. तुझा कान संगमेश्वरच्या विहिरीत पोहताना पाणी जाऊन गेला, हे आईने मला शंभरदा सांगितलंय.

बोलले ते जास्त झालं. पोटात घाल.

आसावरी


डोंबिवली
१५ फेब्रुवारी

ताई,

मायना राहू दे. शेजारचे महिपतराव कामाला वागळे इस्टेटला जातात, त्यांच्या हाती हे देते आहे. उत्तर त्यांच्याचजवळ दे.

सोनलला झालं. काल पेपरला ओढणी लपेटून आली होती. ओढणी सरकली तेव्हा साकेतला दिसलं, सुजलेल्या डाव्या गालावर उंबराचा चीक लावून वर कापूस चिकटवलेला. घरच्यांनी तिला डॉक्टरांकडे नेलेलंच नाही. हमीपत्रात लसी पूर्ण म्हणून लिहून दिलंय, तेव्हा हे गालगुंड नव्हेच, थंडीने गाठ आली असेल, असं ते धरून बसलेत. आणि कळलं तर परीक्षेला बसू देणार नाहीत, म्हणून तीही गप्प.

साकेतला तिने सांगितलं की कालपासून कानात कुकरची शिट्टी वाजतेय. चीक ओघळून कानात गेला असेल, असं तिच्या आजीचं म्हणणं. केमिस्ट्रीचा पेपर होईपर्यंत कुणाला बोलू नकोस, अशी शपथ घातलीय तिने त्याला. त्याने शपथ मोडली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी काय करणार ते बघत होता, ताई. मी पोळ्या लाटत राहिले.

चीकच गेला असेल ना कानात?

आसावरी


ठाणे
१६ फेब्रुवारी

चि. आसावरीस आशीर्वाद.

चीक नाही. हे वाचून झालं की आजच्या आज कोपरला जा. तुझा मोबाइल आधी तिच्या उजव्या कानाला लाव, मग डाव्या. डावीकडे ऐकू आलं नाही तर तशीच उचलून कानाच्या डॉक्टरांकडे ने आणि साकेतला गालगुंड होतं, पिपेट एक होती, हे तुझ्या तोंडाने सांग. हा आजार कानात किती घुसलाय ते त्यांना बघू दे. पेपरचं नंतर बघता येईल.

आता दुसरं सांगते. आईला शब्द दिला होता, पण आई गेली त्याला अकरा वर्षं झाली.

मी विहिरीत पोहले नव्हते. मला अजून पोहता येत नाही. तू चार वर्षांची होतीस, मी अकराची. घरी काकाचं लग्न होतं, माणसं जमली होती आणि तुझा गाल सुजला. पाहुणे बिचकतील म्हणून आईने कुणाला सांगितलं नाही, तुला माजघरात ठेवलं. देवळामागच्या उंबराचा चीक मी आणायची आणि तुझ्या गालावर कापूस मीच चिकटवायची. तुला चावता येत नव्हतं. तू टाकलेला उष्टा भात मी खायची, वाया जाऊ नये म्हणून. पुढे मला झालं. कानात शिट्टी वाजायला लागली आणि एका सकाळी डावीकडचा आवाजच संपला.

डॉक्टरांनी आईला विचारलं, हिला किंवा घरात कुणाला गालगुंड झालं होतं का. आईने सांगितलं, नाही, विहिरीचं पाणी गेलंय. मी शेजारीच बसले होते. उजव्या कानाने मी ते स्वच्छ ऐकलं.

तुझ्या मनावर ओझं नको म्हणून आईने केलं आणि मी निभावलं. ताईच्या उजवीकडे बस, एवढंच तिने तुला शिकवलं, कारण सांगितलं नाही. मला तुझा राग कधीच आला नाही, आजही नाही. त्या ‘नाही’चा मात्र अजून येतो. तेव्हा उपचाराने काय झालं असतं कोण जाणे, पण कुणी प्रयत्नच केला नाही. आज तू आईच्या जागी उभी आहेस. आईसारखं करू नकोस.

महिपतरावांना चहाही दिला नाही, लगेच परत धाडते आहे.

प्रमाताई


डोंबिवली
२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शिर साष्टांग नमस्कार. या वेळी अक्षरं तोडत नाही.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच निघाले. साकेत न सांगता बरोबर आला. सोनल अभ्यासच करत होती. उजव्या कानाला मोबाइल लावला, ठीक. डाव्या कानाला लावला, तर ती विचारते, बाई, फोन बंद पडला का.

गुणाजी पाळी संपवून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. साकेतचं, पिपेटचं, सहीचं. ओरडतील, अंगावर येतील, याची तयारी करून गेले होते. ते ओरडले नाहीत. माझ्यासमोर बसून एवढंच विचारलं, की बाई, त्या कागदावर लसी पूर्ण असं तुम्ही लिहिलेलं, ते वाचूनच मी पोरीला डॉक्टरकडे नेलं नाही, मग ते खोटं होतं का. ते शब्द माझेच होते, ताई. मराठी शिकवते मी.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो, लगेच औषध सुरू झालं. काल पुन्हा तपासणी झाली. डावा कान आलेला नाही. उजवा पूर्ण चांगला आहे. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हे तीन शब्द आता माझ्याजवळ राहतील.

केमिस्ट्रीचा पेपर तिने वेगळ्या खोलीत बसून दिला. प्राचार्यांना मी लेखी कळवलं. माझी चौकशी लागली आहे, होऊ दे. प्रत्येक पालकाला आता खरा मजकूर गेलाय, तोही मीच लिहिला. त्यामुळे आणखी दोन मुलं वेळेत दवाखान्यात पोचली. साकेतने स्वतःचं प्रॅक्टिकल रद्द करण्याचा अर्ज स्वतः लिहून दिला, मला वाचायलाही दिला नाही. काल सोनलकडे वह्या पोचवायला गेलो. तिथे गेल्या गेल्या तो तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसला. त्याला हे मी शिकवलेलं नाही.

ताई, पन्नास वर्षं मी तुझ्या उजवीकडची ती जागा हक्काने अडवली आणि मला वाटायचं, लाडकी म्हणून आहे.

रविवारी येते. भाऊजींना सांग, डावीकडची खुर्ची माझ्यासाठी रिकामी ठेवा. माफी मागायची आहे, ती मी तिकडूनच मागणार. उजवीकडून मागितली तर तू ऐकशील आणि पुरती बोलूही देणार नाहीस.

तुझीच,
आसावरी