धक्क्याखालचा कान

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची! खोली झकास आहे. खाली दोर आणि बोयांचं कोठार, वर माझी खाट, टेबल आणि खिडकीभर समुद्र. ताईला फोनवर ऐकवलं की माझी खोली तुझ्या हॉलपेक्षा मोठी आहे. ती म्हणाली, मग २५ तारखेला येऊन बघतेच.

काम असं : इथल्या खाडीत दुर्मीळ शार्कच्या माद्या पिल्लं घालायला येतात, असा आमचा दावा आहे. तो सिद्ध झाला तर खाडीत जाळी टाकायला बंदी येईल. नाहीतर ही जात संपल्यातच जमा. म्हणून प्रत्येक मादीच्या पोटात बोटाएवढा टॅग शिवायचा. तो सतत आपला नंबर पुकारत राहतो आणि पाण्याखाली बांधलेली यंत्रं तो टिपतात. त्यांना आम्ही कान म्हणतो. नंबर ऐकू आला की कानावरचा हिरवा दिवा लुकलुकतो. हवेत टॅग मुका; बोलतो तो फक्त पाण्यात.

चाचणीचा एक टॅग माझ्याही गळ्यात असतो. तो घालून पाण्यात उतरायचं आणि कानाला किती लांबून ऐकू येतं ते बघायचं, ही इथली रीत. काढून ठेवायचा कंटाळा, म्हणून घालूनच झोपते.

९ नोव्हेंबर
आज पहिली मादी! शार्कला उताणं केलं की ती गाढ झोपल्यासारखी निपचित पडते. टाके घालून पोटावर हात ठेवला, तर आत पिल्लं हलत होती. इतका आनंद झाला की कोणालातरी मिठी मारावीशी वाटली. जवळ होते फक्त बोटवाले काका, आणि ते माझ्यापेक्षा इंजिनाशी जास्त बोलतात. शेवटी खोलीवर येऊन भिंतीलाच सगळं सांगितलं.

१५ नोव्हेंबर
कानांमधल्या नोंदी काढल्या. माझ्या मादीचा नंबर आहे. आणखी एक आहे, पण तो कुठल्याच शार्कचा नाही. ऑफिसला विचारलं. तो म्हणे माझ्या आधीच्या सरांच्या गळ्यातला टॅग. सर गेल्या वर्षी इथेच बुडाले, सापडलेच नाहीत. (मुलाखतीत हे कोणी सांगितलं नव्हतं, बरं का.) काका म्हणाले, एखाद्या माशाने गिळला असेल, तुम्ही मनावर घेऊ नका मॅडम.

१८ नोव्हेंबर
खरं सांगायचं तर त्या नंबराची मला सोबत वाटायला लागली आहे. इथे आल्यापासून नावाने हाक मारणारं कोणी नाही. रोज धक्क्याच्या पायरीवर बसते आणि विचारते, काय सर, आज कुठपर्यंत? आधी तो खाडीच्या तोंडाशी असायचा. आता मी बोलायला लागले की धक्क्याखालच्या कानाचा दिवा लागतो.

काकांनी आज ऐकलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. पाण्याशी बोलत जाऊ नका, म्हणाले. सरसुद्धा शेवटी शेवटी असेच बोलायचे.

२२ नोव्हेंबर
दुपारी चाचणीसाठी कमरेइतक्या पाण्यात उतरले. पाय घसरला. खाली तो हिरवा दिवा, अगदी जवळ. नाकातोंडात पाणी गेलं, पण आले वर. काका हाका मारत धावत आले. मी ओ दिली. ते पाण्याकडेच बघत राहिले. रागावले असणार.

२३ नोव्हेंबर
काका बोलत नाहीत. समोर जाऊन उभी राहिले तरी नाही. दिवसभर खाडीत बोट घालून गळाने काहीतरी शोधताहेत. ताईला फोन लागत नाही. भूक नाही. केस अजून वाळत नाहीत.

२४ नोव्हेंबर
माझी मादी पायरीशी आली. पायाला घासून गेली. टाके माझेच, पोट रिकामं— उथळ पाण्यात पिल्लं! दावा खरा ठरला. कोणालातरी सांगायला हवं. कोणाला?

नोंद काढली. सरांचा नंबर. त्याच्या शेजारी माझा. २२ पासून, सतत. पण मी तर खोलीत होते. हवेत टॅग मुका असतो. मग—

२५ नोव्हेंबर
ताई आली. धक्क्यावर उभी आहे, माझ्या चपला छातीशी धरून. रडतेय. माझं नाव घेऊन हाका मारतेय.

मी तिच्या शेजारीच आहे. ओ देते. घसा फुटेपर्यंत—

तिला ऐकू जात नाही. खालचा दिवा मात्र माझ्या प्रत्येक ओ ला—

टॅग काढायला हवा. गाठ सुटत नाही. मागून कोणीतरी ती घट्ट—

ताई, इकडे बघ ना. मी वर आले होते गं. अंग कोरडं आहे माझं, ही वहीसुद्धा कोर—