मागून जेवायचं कारण

बुधवार, जेवणं झाल्यावर

आमच्या रेणूले सातवीत विचार करायचा तास आहे. बाकीच्या तासाले काय करतात मंग, कोण जाणे. अभ्यास असा दिला की घरातली एक रीत घ्या अन् तिचं कारण शोधा. नातीनं आज बापासंग जेवता जेवता मलेच धरलं.

"आजी, तू सगळ्याइच्या मागून काहून जेवते वं?"

"पहिल्यापासून तसंच आहे."

"मॅडम म्हणतात, हे कारण नाही होत."

माझा लेक चिडला. उद्या शाळेत जाऊन तो तासच बंद करायले लावतो म्हणे. मंग माझ्याकडे वळला, "आई, सांग हिले, तुले काही त्रास आहे काय?"

पोरगी माझ्या तोंडाकडे पाहून राहिली. त्रास? मले काही वाटलंच नाही. ना राग, ना रडू. कारण शोधून पाहिलं, तेही सापडलं नाही. तसं सांगायचं कसं? मी ताट घेतलं अन् लेकाच्या बाजूले जाऊन बसली. सुनेनं वाढलं. लेक उद्या शाळेत जाते का नाही, पाहू.

पहिल्याच घासाले जीभ पोळली. इतकं गरम खायची सवय नाही.